नांगराच्या थाळीवरची लांब रोटी

१८ मार्च १९९७, फ्रिस्को (टेक्सास)

प्रितमला वाटतं, मी इथे रमत नाही. हे साफ खोटं आहे. मी रमलो आहे, फक्त मला परत जायचं आहे.

सुमेधाला जाऊन येत्या अठरा मेला वर्ष होईल. तिचं पुण्यानुमोदन नागपूरला, आमच्या इंदोऱ्याच्या घरी व्हावं, एवढीच माझी इच्छा. पण प्रितमच्या व्हिसाचं काहीतरी अर्धवट आहे, बाहेर पडला तर परत येण्याची खात्री नाही. म्हणाला, "बाबा, इथेच करू ना. बॅकयार्ड मोठं आहे, डॅलसचे आपले सगळे लोक येतील. तिकडे तुम्ही एकटे बसणार, इकडे मी एकटा. आई माझीपण होती यार." मुलगा बापाला 'यार' म्हणतो, हे अमेरिकेचं पाणी. पण आवाज ओला झाला होता, म्हणून मी सोडून दिलं.

सरळ नाही म्हणणं जड गेलं. म्हणून अट घातली. पंगतीला लांब रोटी पाहिजे. सैल पीठ आपटून आपटून लवचीक करायचं, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ताणायचं आणि जाळावरच्या उलट्या मडक्यावर टाकायचं. रुमालासारखी पातळ आणि पंचाएवढी मोठी. सुमेधाच्या हातची लांब रोटी खायला लोक वस्तीच्या दुसऱ्या टोकाहून येत. ती नसेल तर पुण्यानुमोदन कसलं? एप्रिलअखेरपर्यंत सोय झाली तर थांबतो, नाहीतर माझं तिकीट काढा, असं स्पष्ट सांगितलं.

सूनबाई पुण्याच्या. उपासनाने एवढंच विचारलं, "बाबा, मडकं मातीचंच लागतं का?" मी म्हणालो, अर्थात. आयुष्यभर वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केली आहे. माझ्या अटीतून सुटणं सोपं नाही. बॅग फार उघडलीच नाही.

२३ मार्च, रविवार

आज उपासनाने सगळ्यांना गाडीत घातलं आणि तासभर ड्राइव्ह करून मेक्सिकन लोकांच्या उघड्यावरच्या बाजारात नेलं. म्हणे मेथी मिळते का बघू. मेथीसाठी एवढं पेट्रोल! आणि गेल्यावर मेथीचं नावही कोणी काढलं नाही.

बाजार मात्र बाजारासारखा आहे. पत्र्याच्या शेड, धूळ, गाणी, ओरडणं. घराजवळच्या दुकानात भाजी दवाखान्यात ठेवल्यासारखी असते, कोणी बोलत नाही. इथे एक बाई निवडुंगाच्या जाड पानांचे काटे सुरीने तासत बसली होती. मी थबकलो, तर रोशनी म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट कॅक्टस. यू ईट इट." सात वर्षांची आहे, पण मला माहिती देताना तिच्या अंगात हेडमास्तर संचारतो.

एका टोमॅटोवाल्याचा काटा रिकाम्या तागडीलाही शून्यावर नव्हता. मी खुणेने दाखवून दिलं. त्याने हसून मला तिखट-मीठ लावलेली कैरीची फोड दिली. लाच घेतल्याचा हा माझ्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग. फोड चांगली होती.

पुढे एका पोत्यात सुकलेली लाल फुलं. हुंगली तर अंबाडीची बोंडं! लोक त्यांचं गारेगार सरबत पीत उभे होते. त्याच्या शेजारी मोठ्या पातेल्यात वजडीचा लालभडक रस्सा, रविवारी सकाळी खायची म्हणे पद्धत आहे. प्रितमने आधी इकडेतिकडे पाहिलं, ओळखीचं मराठी कोणी नाही ना म्हणून. मी दुसरी वाटी मागून घेतली. त्यावर लिंबू पिळतात, कांदा घालतात. आपल्याकडे यापेक्षा जास्त काय करतात?

उपासना सारखी म्हणत होती, "बाबा, त्या पलीकडच्या लाइनीत जाऊ या?" माझे पाय दुखत होते. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा नाइलाजाने गेलो. आणि मी बघतो तर काय! एक जाडजूड बाई पिठाचा गोळा दोन्ही हातांवर फिरवते आहे, तो कोपरापर्यंत पसरतो आहे, आणि तिने तो टाकला एका उलट्या लोखंडी थाळीवर, खाली लाकडाचा जाळ. नांगराची गोल थाळी आहे ती, ट्रॅक्टरची. लांब रोटी! टेक्सासात!

शोध मी लावला. उपासना शेजारी नुसती हसत उभी होती, तिला बहुधा त्याचं महत्त्व कळलं नसावं.

बाईचं नाव सोकोरो. मेक्सिकोच्या उत्तरेला सोनोरा नावाचा भाग आहे, तिथली. मी तिला सांगितलं की ही रोटी मुळात नागपूरची आहे. ती म्हणाली, तिची आजी करायची. मी म्हणालो, तुमच्या आजीला कोणी शिकवली, याची चौकशी व्हायला हवी. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी दोन्ही वेगवेगळ्या बाजूंनी लंगडत असल्यामुळे वाद फार वाढला नाही.

२४ मार्च

पोट बिघडलं. वजडीमुळे नाही. प्रितमने बर्फ घातलेलं सरबत घ्यायला लावलं, त्यामुळे.

६ एप्रिल, रविवार

सोकोरोबाईंच्या रोटीत थोडी सुधारणा केली तर ती आपल्या रोटीच्या जवळ जाईल, असं माझं मत झालं होतं. म्हणून आज तिला शिकवायला गेलो. उपासना म्हणाली, "हो बाबा, तुम्हीच सांगा तिला नीट." जबाबदारी कोणावर टाकावी हे तिला कळतं.

मी सोकोरोला समजावलं की पीठ सैल पाहिजे. तिने विचारलं, किती सैल? मी म्हणालो, बरंच. पाणी किती? लागेल तेवढं. भिजवून किती वेळ ठेवायचं? आपटायचं कशावर? मीठ आधी की नंतर? बाई प्रश्न फार विचारते. शेवटी तिने एक गोळा माझ्याच हातावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकली. आजूबाजूचे सगळे बघायला लागले. गोळा आधी माझ्या मनगटाला चिकटला, मग घड्याळाला, मग शर्टाला. रोशनी एवढी हसली की तिला उचकी लागली.

घरी आल्यावर सुमेधाची धाकटी बहीण पद्मिनी, ती नागपूरला असते, तिला फोन लावला. म्हटलं, रोटीला पाणी किती लागतं ते सांग. ती आधी पोटभर हसली. "भाऊजी, इतकी वर्षं ताईच्या हातची खाल्ली, एकदा तरी बघितली का कशी करते?" मी म्हणालो, बघितली नाही कशी, रोज समोर तर होती. मग ती सांगायला लागली तसा मी फोन उपासनाकडे दिला. तपशील लिहून घेणं हे काम तिला बरं जमतं. दोघी कितीतरी वेळ बोलत होत्या. एवढं काय बोलायचं असतं पाण्याबद्दल?

१३ एप्रिल, रविवार

भांडण झालं. सोकोरो पिठात डुकराची चरबी घालते हे आज उघड झालं. एरवी माझी हरकत नव्हती, पण पुण्यानुमोदनाचं जेवण शाकाहारी, हा सुमेधाचाच नियम. मी म्हणालो, चरबीशिवाय करा. ती म्हणाली, चरबीशिवाय केलेल्या तुमच्या रोटीने तुम्ही नाक पुसा. मी म्हणालो, आमच्याकडे हजारो लोक खातात. ती म्हणाली, मग आणा एक आणि दाखवा. मी हात मागे बांधून उभा राहिलो. गेल्या रविवारच्या शर्टाचा डाग अजून निघालेला नाही.

परत येताना गाडीत प्रितम हळूच म्हणाला, "बाबा, तिकीट बुक करू का खरंच?" मी म्हणालो, महिना संपायचा आहे अजून. का म्हणालो ते मलाही कळलं नाही. परत जायचं तर मलाच होतं.

१४ एप्रिल

संध्याकाळी जयंती. युनिव्हर्सिटीच्या एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, त्यांत विद्यार्थीच जास्त. बाबासाहेबांच्या फोटोला हार कागदाचा होता, पण भाषणं चांगली झाली. जेवायला पिझ्झा. जयभीम म्हणून पिझ्झा खाणारी ही पोरं बघून मला हसू आलं आणि बरंही वाटलं. उपासनाने त्यांना अठरा मेचं आमंत्रण देऊन टाकलं. माझी परवानगी कोणी विचारली नाही.

२२ एप्रिल

उपासना हल्ली कामावरून उशिरा येते. लॅबमध्ये जास्तीचं काम आहे म्हणे. आज बाही वर झाली तेव्हा तिच्या हातावर भाजल्याचे चट्टे दिसले, मनगटापासून कोपरापर्यंत. मी घाबरलो. ती म्हणाली, "काही नाही बाबा, लॅबमधला ओव्हन." औषध तयार करणारी एवढी मोठी कंपनी आणि माणसांना धड हातमोजे देत नाही! मी प्रितमला म्हणालो, मी त्यांना कडक शब्दांत पत्र लिहितो. प्रितम सिंककडे तोंड करून खोकत राहिला. त्याला धुळीचा त्रास आहे.

तिच्या अंगाला आणि केसांना लाकडाच्या धुराचा वास येत होता. कसला ओव्हन वापरतात कोण जाणे.

सुमेधाच्या हातावरही असे चट्टे होते. मला वाटायचं, तिच्या कातडीचाच तसा रंग आहे.

२७ एप्रिल, रविवार

अट पुरी झाली. सोकोरोने आज मला चरबीशिवाय केलेली रोटी दिली. मध्ये जाड, कडेला करपलेली, आणि आकार विदर्भाच्या नकाशासारखा, पण लांब रोटी! तोंडात घालताच कळलं. वर्षभरात पहिल्यांदा तो वास नाकात गेला होता.

थोड्या वेळाने मी सोकोरोला शाबासकी दिली, म्हणालो, माझ्या मार्गदर्शनाने तुम्ही बरीच प्रगती केली आहे. तिने उपासनाकडे पाहिलं, उपासनाने बाजूच्या कांद्यांकडे पाहिलं. सोकोरो म्हणाली, "सी, सेन्योर, सगळं तुमच्यामुळे." खेळाडू वृत्तीची बाई आहे, भांडण मनात ठेवलं नाही. तिकीट आता काढायचं नाही, असं मी गाडीत जाहीर केलं. प्रितमने हॉर्न वाजवला.

पण निघताना एक गोष्ट झाली. सोकोरोने विचारलं, तुमच्या बायकोला काय आवडायचं? त्यांच्याकडे माणूस गेला की वर्षातून एका दिवशी त्याच्या आवडीचं खाणं फोटोपुढे मांडतात. मी म्हणालो, लांब रोटी. ती म्हणाली, ते तुम्हाला आवडतं. तिला काय आवडायचं?

मी म्हणालो, बरंच काही. घरी येईपर्यंत त्यातलं एकही आठवेना.

२९ एप्रिल

दोन दिवस आठवून पाहिलं. चहा? तो सगळेच पितात. पुरणपोळी सणाला करायची, पण ती खाताना मी पाहिली आहे का? आम्ही उठल्यावर ती जेवायला बसायची आणि तोपर्यंत मी पेपर उघडलेला असायचा. प्रितमला विचारलं, तो म्हणाला, "आईला ना... वेट, आईला..." आणि पुढे काही बोललाच नाही. वाईट वाटलं. त्यालाच नाही, मलाही.

शेवटी पद्मिनीला फोन केला. ती म्हणाली, "ताईला रोटी कुठे आवडायची, भाऊजी? जाळापुढे बसून बसून तिला वाससुद्धा नको व्हायचा. तिला विलायती चिंच आवडायची. मुलींच्या शाळेसमोर एक म्हातारी विकायची ना, तिच्याकडून पदरात घेऊन यायची. आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसून खायचो. तुम्ही ऑफिसातून यायच्या आत बिया टाकून द्यायची."

"का?"

"तुम्ही एकदा म्हणाला होता, हे काय पोराटोरांचं खाणं."

मला हे आठवत नाही. पण पद्मिनी उगाच काही बोलणारी बाई नाही.

४ मे, रविवार

आता अठरा मेला विलायती चिंच पाहिजे. अट यावेळी मी मलाच घातली आहे, आणि ती मोडता येईना म्हणून चार दिवस झोप नाही. अमेरिकेत ती कुठे मिळणार? तरी बाजारात गेल्या गेल्या सोकोरोपुढे हात फिरवून सांगितलं, जिलबीसारखी वळलेली शेंग, आत पांढरा-गुलाबी गर, काळी बी, खाल्ली की घशाला बसते. ती ओरडली, "ग्वामुचिल!" आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, हे झाड आमचं, मेक्सिकोचं.

रोटी त्यांची, आता चिंचही त्यांचीच. एरवी मी वाद घातला असता. पण आपण त्या चिंचेला पहिल्यापासून विलायतीच म्हणत आलो, त्यामुळे माझी बाजू लंगडी होती. तिच्या ओळखीचा एक माणूस सीमेकडून माल आणतो, अकरा तारखेला आणेल, आला तर.

११ मे, रविवार

तो आला नाही. त्याचा ट्रक बंद पडला आहे. मी बाजारातला एकेक ठेला पालथा घातला. पपई, चिकू, उसाची कांडकी, मक्याच्या पानात वाफवलेले मुटके, सगळं होतं. सगळे विक्रेते मला आता ओळखतात, टोमॅटोवाला तर मला बघताच आपला काटा सरळ करतो. चिंच कोणाकडे नव्हती. प्रितम म्हणाला, "बाबा, इट्स ओके, रोटी तर आहे ना." मी त्याच्यावर ओरडलो. म्हणालो, रोटी माझ्यासाठी आहे रे, तिच्यासाठी काय आहे? उपासनाने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

१८ मे

पुण्यानुमोदन झालं. पन्नासच्या वर माणसं होती.

सकाळी सोकोरो पिकअपमध्ये नांगराची थाळी आणि लाकडं घेऊन आली. पांढरे कपडे घालायचे हे उपासनाने तिला सांगितलं होतं, तर ती पांढऱ्या झालरीचा झगा घालून आली, लग्नाला निघाल्यासारखी. आणि तिच्या हातात कागदी पिशवी. तो माणूस पहाटे तिच्या दारात पिशवी ठेवून गेला होता. आत विलायती चिंच.

सुमेधाच्या फोटोपुढे मी स्वतः वाटी ठेवली. एका विद्यार्थ्याने त्रिसरण-पंचशील म्हटलं, सगळ्यांनी मागे म्हटलं. सोकोरोने बुद्धाच्या मूर्तीसमोर, बाबासाहेबांसमोर आणि सुमेधासमोर, तिघांपुढे छातीवर क्रॉस केला. कोणाला काही वावगं वाटलं नाही.

मग बॅकयार्डात जाळ पेटवला आणि मी सोकोरोची वाट बघत उभा राहिलो. पण ती बसली खुर्चीत. पदर खोचून थाळीपुढे गेली ती उपासना. तिने पीठ परातीत आपटलं, गोळा उचलला, हातांवर फिरवला, कोपरापर्यंत ताणला. थाळीवर टाकताना तिचा हात लोखंडाला लागला. तिने ओठ चावला आणि पुढचा गोळा घेतला. सोकोरो खुर्चीतून ओरडून सूचना करत होती, अगदी सासूसारखी.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लॅबमधलं जास्तीचं काम, धुराचा वास, ओव्हन, पद्मिनीचा तो लांबलचक फोन. प्रितमकडे पाहिलं, तर त्याला पुन्हा धुळीचा त्रास सुरू झाला होता. सगळ्या घराला ठाऊक होतं. नुसता निरीक्षकच अंधारात होता.

पहिली रोटी मला वाढली. मी ताट घेऊन बसलो, पण बराच वेळ घास उचलला नाही. मला फक्त त्या थाळीपुढचे हात दिसत होते.

संध्याकाळी सगळे गेल्यावर रोशनी आणि मी वाटीतली चिंच खाल्ली. खरंच घशाला बसते. मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली. रोशनी म्हणाली, "आजोबा, आजी हॅड गुड टेस्ट." सुमेधाच्या चिंच खाण्याच्या जागी, त्या मागच्या पायरीवर, एकदा तरी जाऊन बसायला हवं होतं मी. फार हवं होतं.

१९ मे

सकाळी उपासना हातांना मलम लावत बसली होती. मी समोरची खुर्ची ओढून बसलो. विचारलं, "तुला काय आवडतं गं खायला?"

ती दचकली. "मला?"

"हो. तुला."

ती बराच वेळ विचार करत राहिली. मला वाटलं, हिलाही आता पद्मिनीलाच विचारावं लागणार. मग ती हसली आणि म्हणाली, "खरं सांगू बाबा? जे मी केलेलं नसेल, ते काहीही."

दुपारभर मी यावर विचार केला. प्रितमकडून तर काही आशा नाही, तो टोस्टसुद्धा करपवतो. संध्याकाळी ती कामावर असताना रोशनीला स्वयंपाकघरात बोलावलं आणि कुठलं बटण फिरवलं की कुठली शेगडी पेटते, ते तिच्याकडून समजून घेतलं. तिने मला दोनदा समजावलं आणि मग परीक्षा घेतली. मी नापास झालो. उद्या पुन्हा घेणार आहे.